घाना: आधी लस की आधी व्हिसा? आणि टोगोला जाऊन परत येता येईल का?

दर्याकिनारी:
जानेवारीत मुंबई–आदिस अबाबा–आक्रा, एकूण १२ दिवस. केप कोस्ट, एल्मिना, कुमासी आणि मध्ये दोन दिवस टोगोतलं लोमे असा बेत आहे. सुरुवात कुठून करायची? सोबत एकजण शुद्ध शाकाहारी. जाणकारांनी सांगावं.

सुईदोरा:
लस आधी. पिवळ्या तापाच्या लशीची पुस्तिका नसेल तर आक्राच्या विमानतळावर अडकाल, व्हिसाच्या अर्जालाही तिची प्रत लागते. टोचल्यावर १० दिवसांनीच प्रमाणपत्र लागू होतं. नवव्या दिवशी उतरलात तर ते नसल्यासारखंच. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते आणि तीही ठरावीक वारी, कारण कुपी कालवली की सहा तासांत संपवावी लागते. म्हणून नंबर आधीच लावा. पुस्तिकेवरचं नाव आणि पासपोर्ट क्रमांक तिथेच उभं राहून ताडून घ्या. अंड्याची तीव्र ॲलर्जी किंवा वय साठच्या पुढे असेल तर आधी डॉक्टरांशी बोला, ही जिवंत विषाणूची लस आहे.

परतीलाही पुस्तिका हाताशी ठेवा. ती नसेल तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात.

मलेरिया तिथे बारमाही आहे आणि क्लोरोक्विन चालत नाही. ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल घेतलीत तर परतल्यावर ७ दिवस, डॉक्सिसायक्लिन असेल तर ४ आठवडे गोळ्या चालू ठेवायच्या. घरी आलो म्हणून लोक मध्येच सोडतात, तिथेच फसतात.

सीमापार:
तुमचा खरा घोळ लोमेचा आहे. घानाचा एकदाच प्रवेशाचा व्हिसा असेल तर टोगोच्या सीमेवरच्या आफ्लाओच्या नाक्यावरून बाहेर पडताक्षणी तो संपला. परतीचं विमान आक्राहून असल्यामुळे अनेकदा प्रवेशाचाच मागा. पश्चिम आफ्रिकेतल्या देशांमधला मुक्त प्रवेश त्यांच्या नागरिकांसाठी आहे, आपल्यासाठी नाही. टोगोचा व्हिसा वेगळा काढावा लागेल. तिकडे फ्रेंच चालते आणि चलनही वेगळं, सीएफए फ्रँक.

व्हिसाची मुदत आणि मुक्कामाचे दिवस या दोन निराळ्या गोष्टी. दिवस आक्राला शिक्का मारताना ठरतात. काउंटर सोडण्याआधी शिक्क्यावरचा आकडा वाचा.

आणखी एक: लष्करी छापाचे, हिरव्या-तपकिरी ठिपक्यांचे कपडे नेऊ नका. सामान्य माणसाने ते घालायला तिथे बंदी आहे.

चवळीची उसळ:
शाकाहारी माणूस उपाशी राहणार नाही, पण विचारून खायला हवं. 'वाचे' म्हणजे चवळी घालून शिजवलेला भात. त्याचा तांबूस रंग ज्वारीच्या पानांचा, त्यात काही गैर नाही. घात करते ती वरून वाढलेली काळी 'शितो' चटणी, तिच्यात सुकी मासळी आणि सुकट असते. 'रेड-रेड', म्हणजे पामतेलातली चवळी आणि तळलेली केळी, बऱ्याचदा चालतं. तरी "नो फिश, नो श्रिम्प" असं नाव घेऊन सांगा. नुसतं 'व्हेज' म्हटलंत तर मासा येऊ शकतो. 'केलेवेले', मसाला लावून तळलेली केळी, बिनधास्त.

आक्रा ते केप कोस्ट साधारण दीडशे किलोमीटर. 'ट्रोट्रो' म्हणजे आपलं वडापच, भरल्याशिवाय हलत नाही, त्यामुळे तासांचा हिशेब सैल ठेवा. पैसे देताना-घेताना उजवा हात.

दर्याकिनारी:
अनेकदा प्रवेशाचाच अर्ज करतो. माझी पुस्तिका २०१४ची आहे, त्यावर दहा वर्षांची मुदत छापलीय. पुन्हा टोचावं लागेल का?

सुईदोरा:
नाही. ११ जुलै २०१६पासून ते प्रमाणपत्र आयुष्यभर चालतं, जुन्या पुस्तिकाही त्यात आल्या. छापील तारखेवर पेन चालवू नका, खाडाखोड दिसली की पुस्तिका बाद ठरू शकते. मधल्या काळात पासपोर्ट बदलला असेल तर जुना सोबत ठेवा, म्हणजे क्रमांक जुळवून दाखवता येईल.