सॅमन-हॅलिबट एकाच फेरीत

दादा, कोल्हापूरहून अलास्काला जाऊन सॅमन आणि हॅलिबट हे दोन मासे एकाच फेरीत गळाला मिळतील का, असं विचारलंत. मिळतील. सिल्व्हर या सॅमनच्या जातीसाठी ऑगस्ट धरा, हॅलिबट तेव्हाही असतो. तारखा मात्र पंचांग बघून ठरवा: अष्टमी-नवमीच्या आसपास भांगाची, म्हणजे कमी चढउताराची भरती, पाण्याची ओढ कमी. अलास्कातल्या होमर गावाकडे, कुक इनलेट या खाडीला अमावास्या-पौर्णिमेचं उधाण जबर. तेव्हा किलोभराचं शिसंही तळाला टिकवणं कठीण, आणि हॅलिबट तळालाच चरतो.

१६/० मापाचा सर्कल हूक, म्हणजे टोक आत वळलेला मोठा गळ, त्यावर आमिष म्हणून हेरिंग हा छोटा मासा. पंचगंगेवर गळ टाकणाऱ्यांची चूक इथंच होते. काठीचं टोक हललं की झटका मारतात आणि आमिष तोंडातून निसटतं. काठी पूर्ण वाकू द्या, मग सावकाश रीळ फिरवा. हूक आपोआप जबड्याच्या कोपऱ्यात रुततो. मासेमारीचा परवाना ऑनलाइन, आधीच काढा.