ट्रॅकिओस्टॉमी असताना ह्युमिडिफायर ३१ वर की ३७ वर? नळीत पाणी साचतंय, मदत हवी आहे

बाबांना ट्रॅकिओस्टॉमी आहे (गळ्याला छिद्र करून श्वासनलिकेत ट्यूब बसवली आहे) आणि ते घरीच व्हेंटिलेटरवर आहेत. सोबत गरम ह्युमिडिफायर आहे, खाली तापणारी प्लेट आणि वर पाण्याचा चेंबर असतो तो. त्यात दोन मोड आहेत: मास्कसाठी ३१ अंश आणि ट्यूबसाठी ३७. डिस्चार्जच्या वेळी ३७ वर लावून दिला होता.

अडचण रात्रीची आहे. एसी लावला की पहाटेपर्यंत व्हेंटिलेटरच्या नळीत पाणी साचतं, गुडगुड आवाज येतो, व्हेंटिलेटर भलत्याच वेळी श्वास देतो आणि बाबा दचकून जागे होतात. दिवसा असं फारसं होत नाही. रात्रपाळीच्या सिस्टर म्हणाल्या, ३१ चा मोड लावून बघू. पाणी कमी झालं खरं, पण नंतर कफ इतका चिकट आला की सक्शन कॅथेटर (कफ ओढून काढायची बारीक नळी) आत सरकेना. परत ३७ केलंय. नळीत तापणारी तार आहे, तिचा प्लगही लागलेला आहे. डॉक्टरांशी बोलणारच आहे, पण त्यांना नेमकं काय विचारू? मधला काही आकडा चालतो का? रात्रीपुरता एचएमई फिल्टर (बाहेर सोडलेल्या श्वासातली उष्णता आणि ओलावा धरून आत जाणाऱ्या हवेला देणारा) लावला तर?

प्रतिसाद (व्हेंटिलेटरच्या रुग्णांबरोबर काम करते):
ताई, ३७ वर परत आणलंत ते योग्यच. ३१ चा मोड मास्कवाल्यांसाठी असतो, कारण त्यांचं नाक हवा गरम आणि ओली करायला मदत करतं. बाबांची हवा नाकाला वगळून थेट श्वासनलिकेत जाते. ३७ अंशाला पूर्ण ओलाव्याच्या एक लिटर हवेत ४४ मिलिग्रॅम वाफ असते. ट्यूबवाल्या रुग्णाला किमान ३३ मिलिग्रॅम तरी लागते, आणि ३१ अंशाची हवा जेमतेम ३२ मिलिग्रॅम धरते. कफ त्यामुळेच सुकला. तो ट्यूबमध्ये अडकून बसणं हा नळीतल्या पाण्याहून कितीतरी मोठा धोका आहे.

पाणी साचतं ते वाफ वाटेत थंड झाल्यामुळे. म्हणून चेंबरचं तापमान उतरवू नका, नळी गार होऊ देऊ नका. एसीचा किंवा पंख्याचा झोत नळीवर येतोय का? नळीवर कापडी कव्हर मिळतं, ते घालता येईल. नळीचा मधला भाग बाबांच्या गळ्यापेक्षा खाली राहू द्या, म्हणजे पाणी त्यांच्याकडे वाहणार नाही. साचलेलं पाणी बाहेर टाकायचं, चेंबरमध्ये परत कधीच नाही. डॉक्टरांना विचारा की नळीचं तापमान चेंबरपेक्षा थोडं जास्त ठेवता येईल का. बऱ्याच मशीनमध्ये ती सोय असते.

प्रतिसाद:
तापमानाचा सेन्सर नीट आतपर्यंत बसलाय का तेही बघा. अर्धवट बसला तर मशीन चुकीचं तापमान वाचतं.

धागाकर्ती:
सेन्सर घट्ट आहे. एसीचा झोत मात्र थेट नळीवरच येत होता! पलंग सरकवलाय. एचएमईचं राहिलं.

प्रतिसाद (आधीच्याच):
एचएमई आणि गरम ह्युमिडिफायर एकाच वेळी कधीही नको. फिल्टर भिजून जड होतो आणि श्वासाला अडथळा येतो. बाबांना कुठे न्यायचं असेल तेव्हा ह्युमिडिफायर काढून एचएमई लावतात, पण कफ घट्ट असताना तेही डॉक्टरांना विचारूनच. आणि कफ परत चिकट झाला, धाप वाढली किंवा प्रेशरचा अलार्म वाजत राहिला, तर इथे उत्तराची वाट बघू नका, लगेच फोन करा.