मदत हवी आहे: आईच्या डोक्यात असलेले घराचे वेळापत्रक सगळ्यांमध्ये कसे वाटून घ्यावे?

नमस्कार.

आमच्या घरी कामे करायला माणसे पुरेशी आहेत. अडते ते काम वेळेवर आठवण्यापाशी. त्यासाठी अनुभवी मंडळींचा सल्ला हवा आहे. थोडे सविस्तर लिहितो, कारण परिस्थिती कळल्याशिवाय 'लवकर उठा आणि यादी करा' यापलीकडे काही सुचवणे कुणालाही अवघड जाईल.

आम्ही पुण्यात सिंहगड रस्त्याच्या बाजूला एका जुन्या, लिफ्ट नसलेल्या सोसायटीत तिसऱ्या मजल्यावर राहतो. घरात ७१ वर्षांची आई, पत्नी, आठवीतली मुलगी, तिसरीतला मुलगा आणि मी. माझी नोकरी हिंजवडीला असून कंपनीची बस सव्वासातला चौकातून सुटते आणि परत पोहोचायला संध्याकाळचे साडेसात होतात. पत्नी एका रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत काम करते आणि तिची पाळी दर आठवड्याला बदलते. एक आठवडा सकाळी ७ ते दुपारी ३, पुढचा आठवडा दुपारी २ ते रात्री १०. मुलीची शाळा सकाळची आहे. चौथीपर्यंतचे वर्ग नऊच्या आधी भरवू नयेत असे सरकारने २०२४ मध्ये ठरवल्यापासून मुलाची शाळा नऊनंतर भरते. मुलांच्या दृष्टीने हा निर्णय चांगलाच आहे, पण आमच्या ओट्यावर त्यामुळे डब्यांच्या दोन वेळा झाल्या.

आईच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया दिवाळीनंतर झाली. ती आता घरातल्या घरात वॉकर घेऊन चालते, पण ओट्याशी फार वेळ उभे राहणे, खाली बसणे आणि जिने चढणे-उतरणे तूर्त बंद आहे. आतापर्यंत घर तिच्या जिवावर चालत होते हे आम्हांला माहीत होते. मात्र ते नेमके कसे चालत होते हे तिलाही शब्दांत सांगता येत नाही. दळण कधी टाकायचे, असे विचारले तर ती म्हणते, "डबा वाजला की." म्हणजे पिठाच्या डब्यावर ती जाता-येता बोटाने टिचकी मारत असे आणि पोकळ आवाज अर्ध्याच्या खाली उतरला की त्याच संध्याकाळी गहू गिरणीत जात. गॅस, तिच्या रक्तदाबाच्या गोळ्या, मुलाचे पांढरे मोजे, गुरुवारी पाणी बंद असल्याची बातमी, या सगळ्यांच्या अशाच खुणा तिच्यापाशी आहेत.

पाण्याचे तर विशेष सांगायला हवे. आमच्या स्वयंपाकघरातल्या नळाला पालिकेचे थेट पाणी सकाळी साडेपाच ते सात एवढाच वेळ येते. त्या दीड तासात पिण्याचे पाणी भरायचे, पिंप धुवायचे, दूध तापवायचे, मुलीचा डबा करायचा. दुरुस्तीच्या कामासाठी पालिका बहुधा गुरुवारी पाणी बंद ठेवते आणि शुक्रवारी ते उशिरा व कमी दाबाने येते, म्हणून बुधवारी दुप्पट साठा लागतो. हे ज्या बुधवारी कुणाच्याच लक्षात राहत नाही, त्यानंतरचे दोन दिवस घराचा सूर बिघडलेला असतो.

आम्ही काही उपाय करून पाहिले आहेत. मी संगणकावर एक तक्ता करून फ्रिजवर लावला, त्यात प्रत्येक कामापुढे वेळ आणि नाव घातले. पत्नीची पाळी बदलली की अर्धी नावे चुकीची ठरतात आणि तक्त्याकडे कुणी पाहत नाही. घरच्या चौघांचा व्हॉट्सॲप गट केला. त्यावर 'मटकी भिजत घाला' हा निरोप मी बसमध्ये असताना वाचतो, पत्नी पाळीवर असताना वाचते आणि मटकी डब्यातच राहते. सध्या खरी व्यवस्था अशी आहे की आई पलंगावरून हाका मारते आणि ज्याच्या कानावर पडेल तो उठतो. यात तिची विश्रांती होत नाही आणि मुलांना वाटते की आजी दिवसभर रागावते.

माझे प्रश्न तीन आहेत. पाळी बदलत असताना टिकेल अशी दिनचर्या कशी बसवावी? आईच्या डोक्यातल्या खुणा बाहेर कशा काढाव्यात? आणि मुलांवर कोणते काम पूर्णपणे सोपवता येईल, असे की त्याची आठवणही त्यांनीच ठेवावी?

स्वयंपाकाला बाई ठेवण्याचा पर्याय आम्ही विचारात घेतला आहे, पण सकाळी साडेपाच ते सात या वेळेत आमच्या भागात कुणी मिळत नाही. धुण्याभांड्याच्या मावशी साडेनऊला येतात, त्या नियमित आहेत.

प्रतिसाद १

आपला तक्ता घड्याळावर बेतलेला आहे, आणि आईंच्या सगळ्या खुणा घड्याळाशिवायच्या आहेत, हे आपणच लिहिले आहे. मी तीस-पस्तीस वर्षे नोकरी करून घर सांभाळले, त्या अनुभवावरून सांगते की घरातले काम वेळेला बांधले तर सुटते आणि दुसऱ्या कामाला बांधले तर टिकते. 'रात्री साडेनऊला विरजण' असे लिहिण्यापेक्षा 'ओटा पुसण्याआधी विरजण' असे ठरवावे, कारण ओटा रोज पुसला जातोच, मग तो नऊला असो वा अकराला.

ओटा पुसण्याआधीची कामे चारच ठेवावीत: उद्याची भाजी निवडून किंवा चिरून ठेवणे, कडधान्य भिजवणे, विरजण लावणे, आणि डबे व पाण्याच्या बाटल्या झाकणांसह ओट्यावर मांडून ठेवणे. चौथे काम क्षुल्लक वाटेल, पण सकाळी निम्मा गोंधळ झाकण शोधण्यात होतो.

कडधान्याचा हिशोब उलटा मांडावा लागतो आणि तो न मांडल्यामुळेच आयत्या वेळी धावपळ होते. गुरुवारी सकाळच्या डब्याला मटकीची उसळ हवी असेल तर मटकी मंगळवारी रात्री भिजली पाहिजे. बुधवारी सकाळी ती उपसून पंच्यात बांधायची, म्हणजे गुरुवारी पहाटे मोड तयार असतात. थंडीत अर्धा दिवस जास्त धरावा. छोले आणि राजमा यांना मोडांची गरज नसल्याने आदल्या रात्री भिजवले तरी चालतात. म्हणून आठवड्यात मोडाच्या उसळीचे दोन वार ठरवून टाकावेत आणि ते कधीही बदलू नयेत. 'आज काय करायचे' हा प्रश्नच सकाळी उरू नये. माझ्या सूनबाईंना हे आधी कंटाळवाणे वाटले होते, आता त्याच मला वार सांगतात.

प्रतिसाद २

माझे पती एसटीत वाहक होते, त्यामुळे बदलत्या पाळीचे घर मी चांगले ओळखते. तक्त्यातून माणसांची नावे काढून टाका. त्याऐवजी 'पहाटे घरी असणारा', 'दुपारी घरी असणारा' आणि 'रात्री शेवटी झोपणारा' अशा तीन जागा करा आणि कामे त्या जागांना द्या. पत्नीची पाळी बदलली की त्यांची जागा बदलते, कामे जागच्या जागी राहतात. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात पहाटेचे पाणी आणि मुलाचा डबा त्यांच्याकडे येईल, सकाळच्या पाळीच्या आठवड्यात पाणी आपल्याकडे. त्या आठवड्यात मुलाचा डबाही पहाटेच भरून ठेवावा लागेल; त्याला नऊपर्यंत गरम काही देण्याचा आग्रह सोडावा.

प्रयोगशाळेत पाळी सुटताना पुढच्या माणसासाठी नोंद करून ठेवतात, हे आपल्या पत्नीला सांगायला नको. घरातही तेवढेच पुरते, आणि त्यासाठी वेगळी वही नको. भिंतीवरचे कालनिर्णय पुरे. दुधाचे लिटर आणि मावशींचे खाडे त्यावर पिढ्यान्‌पिढ्या लिहिले जात आले आहेत, तिथेच सिलिंडर लावल्याची तारीख, दळण टाकल्याची तारीख आणि गोळ्यांची शेवटची पट्टी उघडल्याची तारीख लिहा. दोन-तीन महिन्यांत आपोआप कळते की १४.२ किलोचा सिलिंडर आपल्या घरी किती दिवस जातो आणि पाच किलो दळण किती. आपल्याकडे दोन सिलिंडर असतील तर भरलेला जोडला त्याच दिवशी पुढचा नोंदवायचा, ही खूण सगळ्यांत सोपी. पेन्सिल मात्र दोरीने तिथेच बांधून ठेवा, नाहीतर ती मुलांच्या कंपासपेटीत सापडते.

आईंकडून खुणा काढायच्या तर त्यांना 'सगळे सांगा' असे म्हणू नका, कारण तसे कुणालाच सांगता येत नाही. त्या हाक मारतील तेव्हा फक्त एवढेच विचारा की, "आई, हे आत्ता कशावरून आठवलं?" उत्तर मुलीला कालनिर्णयाच्या मागच्या कोऱ्या जागेत लिहू द्या.

प्रतिसाद ३

वरील दोन्ही सल्ले उत्तम आहेत, तरी थोडा वेगळा मुद्दा मांडतो. आईंची सगळी कामे जशीच्या तशी पुढे चालवायची, हे गृहीत का धरले आहे? त्या दिवसभर घरी होत्या म्हणून त्यांना ते जमत होते. ज्या घरात दोघे नोकरी करतात तिथे काही कामे सोडूनच द्यावी लागतात. दोन्ही वेळा ताज्या पोळ्या, रोज ओली फरशी आणि घरी घातलेले इडलीचे पीठ यांपैकी काय सोडता येईल ते आधी ठरवावे. पुण्यात पोळी-भाजी केंद्रांना तोटा नाही. दुपारच्या पाळीच्या आठवड्यात रात्रीच्या पोळ्या आपण बसमधून उतरल्यावर घेऊन आलात तर कुणाचे काही बिघडत नाही.

मुलांबद्दल म्हणाल तर, मुलाला कचरा द्यावा. ओला आणि सुका वेगळा करणे, कचरा नेणाऱ्या ताई आल्या की दोन्ही बादल्या दाराशी देणे आणि ओल्याची बादली धुऊन उपडी ठेवणे, हे सगळे त्याच्याकडे. त्याची शाळा नऊनंतर असल्याने ही वेळ त्याला साधते. ज्या दिवशी तो विसरेल त्या दिवशी कुणीही पुढे होऊन बादली देऊ नये. दुसऱ्या दिवशीचा वास त्याला आपण सांगितल्यापेक्षा जास्त चांगले सांगेल. मुलीला बुधवारचे पाणी द्यावे. आठवीतली मुलगी पालिकेची सूचना वाचू शकते, पिंपे मोजू शकते आणि मंगळवारी रात्रीच सगळ्यांना बादल्या धुवायला लावू शकते. हुकूम सोडायला मिळणारे काम त्या वयात आवडते.

मूळ प्रश्नकर्ता

तिघांचेही मनापासून आभार. नावांऐवजी जागा ही कल्पना पत्नीला तत्काळ पटली आणि तिने रात्रीच जुना तक्ता काढून टाकला. 'पहाटे घरी असणारा' या जागेखाली पाणी, दूध आणि डबे, 'दुपारी घरी असणारा' याखाली दळण, भाजी आणि मुलांचे परत येणे, आणि 'शेवटी झोपणारा' याखाली ओट्याआधीची चार कामे, एवढेच आम्ही लिहिले आहे. मोडाच्या उसळीला सोमवार आणि गुरुवार ठरले, म्हणजे भिजवण्याचे वार शनिवार आणि मंगळवार.

तिसऱ्या प्रतिसादातले कामे सोडण्याचे मत मला मान्य आहे, पण आईला ते लगेच पचणार नाही. विकतच्या पोळ्यांचा विषय मी काढला तेव्हा तिने "माझे हात चांगले आहेत" एवढेच उत्तर दिले. त्यामुळे जेवणाच्या टेबलाशी खुर्चीत बसून भाजी निवडणे, शेंगा सोलणे आणि कणीक मळणे ही कामे तिने स्वतःकडे घेतली आहेत आणि तिच्या डॉक्टरांचीही त्याला हरकत नाही. कणीक मळलेली मिळाल्याने पहाटेचा बराच वेळ वाचतो, हे मी कबूल करतो. पोळ्यांचा प्रश्न तूर्त बाजूला ठेवला आहे. फरशी मात्र आता एक दिवसाआड पुसली जाईल.

मुलीने बुधवारचे पाणी आनंदाने घेतले. मुलगा कचऱ्याच्या बदल्यात काय मिळेल, असे विचारतो आहे आणि त्यावर घरात एकमत झालेले नाही. घरकामासाठी मुलांना पैसे देऊ नयेत असे माझे मत आहे, पत्नीचे तसे नाही. याबद्दल कुणाचा अनुभव असेल तर वाचायला आवडेल.

एक अडचण अजून सुटलेली नाही. मावशींची महिन्यातली सुट्टी आणि पाण्याचा गुरुवार एकाच दिवशी आले, तर आदल्या रात्रीची भांडी, सकाळच्या डब्यांची कढई आणि मुलीच्या शाळेचा गणवेश यांचा क्रम कसा लावावा? साठवलेले पाणी किती भांड्यांवर आणि किती कपड्यांवर खर्च करावे, हे आईलाही सांगता आले नाही, कारण तसा दिवस आला की ती मावशींकडून सुट्टीच बदलून घेत असे. आम्हांला ते विचारण्याचा धीर होत नाही. कुणी असा दिवस मावशींना न बोलावता निभावला असेल तर कृपया सविस्तर लिहावे.