एम.एस्सी. प्रकल्प: विषाणूचं क्रोमॅटिन बघायला कोणता विषाणू घेऊ? (बजेट ४० हजार)

रानजाई: नमस्कार. छोट्या डीएनए विषाणूंच्या डीएनएवर न्यूक्लिओसोम (हिस्टोन प्रथिनांभोवती डीएनए गुंडाळून झालेले मणी; या सगळ्याला मिळून क्रोमॅटिन म्हणतात) कसे बसतात आणि त्या डीएनएची प्रत कशी होते, यावर प्रकल्प करायचाय. पाच महिने, ४० हजार. लॅबमध्ये पीसीआर, जेल, सदर्न (जेलवरचा हवा तो डीएनए ओळखायची पद्धत) होतं. प्राण्यांचे जिवंत विषाणू वाढवायची परवानगी नाही.

पेशीपुराण: एसव्ही४० (माकडाचा विषाणू), दुसरं काही बघूच नकोस. ५२४३ बेसजोड्यांचं वर्तुळ, त्यावर पेशीचेच हिस्टोन, साधारण दोन डझन न्यूक्लिओसोम. बऱ्याच मिनिक्रोमोसोममध्ये (हिस्टोन चढलेल्या या वर्तुळांत) ओरिजिनपाशी, म्हणजे प्रत सुरू होते तिथे, जागा मोकळी असते. प्रतीसाठी विषाणूचा फक्त टी अँटिजेन (प्रत सुरू करणारं प्रथिन), बाकी कारखाना पेशीचा. माझी पीएचडी यावरच.

खटपट्या: परवानगी नाही म्हणतेय ना ती! कॉस-७ पेशी (माकडाच्या) घे. ग्लुझमन यांनी १९८१ मध्ये बनवलेल्या कॉस पेशींत टी अँटिजेन आधीच असतो. एसव्ही४० चं ओरिजिन असलेला प्लाझ्मिड (बॅक्टेरियात वाढवलेलं डीएनएचं छोटं वर्तुळ) त्यांत सोड, दोन दिवसांनी हर्ट पद्धतीने (छोटा डीएनए वेगळा काढायची पद्धत) काढ, डीपीएन-वन एन्झाइमने काप. बॅक्टेरियातला मूळ प्लाझ्मिड कापला जातो, पेशीत झालेली प्रत टिकते. फक्त प्लाझ्मिडवरचं क्रोमॅटिन खऱ्या विषाणूइतकं नेटकं नसतं.

सोनचाफा०७: कॉस-७ ला +१. पण पेशी कुणाकडून फुकट आणू नकोस. आम्हाला मायकोप्लाझ्मासकट (पेशींना लागणारे सूक्ष्म जिवाणू) मिळाल्या, सहा महिने पाण्यात.

बाबा_विज्ञानी: एसव्ही४० म्हणजे पोलिओ लशीतला कॅन्सरवाला ना?

पेशीपुराण: १९६० मध्ये लशीसाठीच्या माकडाच्या मूत्रपिंडाच्या पेशींत सापडला. हॅमस्टरमध्ये गाठी झाल्या, माणसात कॅन्सर करतो हे सिद्ध नाही.

बाबा_विज्ञानी: सिद्ध नाही म्हणजे नाही असं थोडंच?

खटपट्या: त्याला वेगळा धागा काढा हो.

डेटावाला: सदर्न कोण करतं आता? एमनेझ-सीक्वेन्सिंग कर (एमनेझ एन्झाइम न्यूक्लिओसोममधला मोकळा डीएनए कापतं, उरलेले तुकडे वाचायचे). गाईडना म्हणावं बजेट वाढवा, लाखभरात होईल.

मुळामुठा: कॉस-७ च घे. मी उंदराच्या ३टी३ पेशींत प्लाझ्मिड टाकून प्रतीची वाट बघत बसलो होतो. माकडाची किंवा माणसाची डीएनए पॉलिमरेज अल्फा-प्रायमेज (प्रत सुरू करणारं पेशीचं एन्झाइम) टी अँटिजेनशी जुळते, उंदराची जुळत नाही. हे सरांनी सेमिनारमध्ये सगळ्यांसमोर सांगितलं.

रानजाई: सगळ्यांचे आभार. भेंडीचा केवडा (पानांच्या शिरा पिवळ्या करणारा रोग) घेतेय, त्याचा विषाणू बेगोमोव्हायरस गटातला. मामांच्या शेतात पिवळ्या शिरांची पानं हवी तेवढी आहेत. बेगोमोव्हायरसचा डीएनए कणात एकेरी, केंद्रकात गेल्यावर दुहेरी होऊन हिस्टोन चढवतो, आणि विषाणूच्या रेप प्रथिनाने खाच पाडली की रोलिंग सर्कलने (वर्तुळाभोवती फिरत) प्रत. सुमारे २.७ हजार बेसचा, म्हणजे डझनभर न्यूक्लिओसोम. केंद्रकं काढून एमनेझ, मग सदर्न.

पेशीपुराण: वनस्पती?! एसव्ही४० वर इतकं लिहिलं मी.

खटपट्या: भेंडीच्या बुळबुळीने डीएनए हाती लागत नाही, आधीच सांगतो.

सोनचाफा०७: कोवळी पानं घे, सीटॅबमध्ये (वनस्पतींचा डीएनए काढायचं द्रावण) मीठ वाढव. एमनेझची वेळ मात्र निरोगी पानांवर बसवून घे, जास्त झालं तर जेलवर पट्ट्यांची शिडीच दिसत नाही, सगळं मोनोन्यूक्लिओसोमच्या (एकट्या न्यूक्लिओसोमच्या) पट्ट्यात जमा.

डेटावाला: म्हणूनच म्हटलं, सीक्वेन्सिंग कर.