मदत हवी आहे: मुलाच्या मनगटाचा एक्सरे, फ्रॅक्चर नाही म्हणतात, मग स्लॅब (एका बाजूचं अर्धं प्लास्टर) कशाला?

घोडबंदरचा बाबा:

नमस्कार मंडळी, ठाण्यात घोडबंदर रोडला राहतो. मुलगा पाच वर्षांचा, सिनियर केजीत. परवा संध्याकाळी सोसायटीच्या पार्किंगच्या रॅम्पवरून स्कूटर घेऊन सुसाट उतरला आणि खाली हात टेकून आपटला. उजवं मनगट सुजलं, रात्रभर तिथे कोणाला हात लावू देईना, सकाळी उठल्या उठल्या ऑर्थोकडे नेलं. त्यांनी एक्सरे बघितला, मग मनगटाच्या किंचित वर अंगठ्याच्या बाजूला एका ठिकाणी बोटाने दाबलं तर हा असा किंचाळला की बाहेरचे लोक डोकावले. डॉक्टर म्हणाले "फ्रॅक्चर दिसत नाही, पण स्लॅब घालू, दोन आठवड्यांनी परत एक्सरे काढू." बाहेर तोबा गर्दी, त्यामुळे पुढचं विचारायचं राहूनच गेलं.

आता घरी फिल्म खिडकीला धरून बघतोय आणि डोकं गरगरतंय. अंगठ्याकडच्या हाडाचं टोक चक्क सुटं दिसतंय, म्हणजे एक चपटा तुकडा, आणि तो तुकडा आणि हाड यांच्यामध्ये आडवी काळी रेघ. हे तुटलेलं नाही तर काय आहे?? बरं करंगळीकडच्या हाडाला तसा तुकडाच नाही, ते नुसतंच संपतं. आणि मनगटात आठ हाडं असतात असं शाळेत घोकलं होतं, इथे मोजून चार दिसतात, मध्ये सगळी मोकळी जागा. बायकोचा जुना एक्सरे घरात होता तो शेजारी धरला तर तिचं मनगट गच्च भरलेलं. पोराची हाडं कमी आहेत का? कॅल्शियम कमी पडतंय का?

आईचं वेगळंच चालू आहे, गावाकडच्या हाडवैद्याकडे नेऊन चोळून घेऊ म्हणतेय. कोणी जाणकार असेल तर प्लीज सांगा.

वाघबीळकर:

काही होत नाही हो, पोरं पडतातच. दुसऱ्या ऑर्थोला दाखवा, हल्ली उठसूट प्लास्टर घालतात.

एक्सरेवाली ताई:

वाघबीळकर, थांबा जरा, न बघता असं बोलू नका. मी ठाण्यातच रेडिओग्राफर आहे, लहान मुलांच्या मनगटाच्या फिल्म रोजच हातात येतात आणि प्रत्येक आईबाप याच रेघेला घाबरतात.

दादा, आधी हाडं कमी असण्याचं. कमी नाहीत, दिसत नाहीयेत. लहान मुलांची बरीचशी हाडं आधी कूर्चेची असतात, म्हणजे कानाचा वरचा भाग चिमटीत धरला की लागतं ना, त्या जातीची. एक्सरेत कॅल्शियम भरलेला भाग तेवढा पांढराशुभ्र येतो, कूर्चा आजूबाजूच्या मांसात मिसळून जाते. मनगटातली आठही हाडं त्याच्याकडे आहेत, पण त्यात कॅल्शियम भरायची सुरुवात एकेक करून होते. सगळ्यात आधी कॅपिटेट आणि हॅमेट, ती तर जन्मानंतर काही महिन्यांतच दिसू लागतात. मग तिसऱ्या वर्षाच्या सुमारास ट्रायक्वेट्रम, चौथ्याच्या सुमारास ल्युनेट. झाली तुमची चार. पुढची तीन, म्हणजे स्कॅफॉइड, ट्रॅपेझियम, ट्रॅपेझॉइड, साधारण चार ते सहा वर्षांत उगवतात, मुलींत मुलांपेक्षा लवकर. आणि वाटाण्याएवढं पिसिफॉर्म सगळ्यात शेवटी, आठ ते बाराच्या मध्ये कधीतरी. त्यामुळे पाच वर्षांच्या मुलाला चार दिसणं एकदम वयाला धरून आहे. डॉक्टर लोक डाव्या हाताची अशी फिल्म काढून 'बोन एज', म्हणजे हाडांचं वय, ठरवतात ते याच क्रमावरून. कॅल्शियमच्या गोळ्यांचा काही संबंध नाही, स्वतःच्या मनाने टॉनिक सुरू करू नका.

आता ती काळी रेघ. कोपरापासून मनगटापर्यंत दोन हाडं, अंगठ्याकडचं रेडियस आणि करंगळीकडचं अल्ना. तो चपटा तुकडा म्हणजे रेडियसचं टोक, ते एक वर्षाच्या आसपास दिसायला लागतं, आणि रेघ म्हणजे ग्रोथ प्लेट, तिथली कूर्चा अजून वाढतेय म्हणून काळी. अल्नाचं टोक मुलांत सहा-सातच्या आसपास दिसतं, म्हणून तुमच्या फिल्ममध्ये नाही. रेडियसची लांबी वाढते त्यातली साधारण ७५ ते ८० टक्के या मनगटाकडच्या प्लेटमधून. वय वाढलं की ती भरून हाड एकसंध होतं, वहिनींच्या फिल्मसारखं.

नौपाड्याचे काका:

आमच्या वेळी हाडवैद्यच बघायचे, आणि हाडं जुळायची. माझा हात त्यांनीच बसवला, आजही बॅट धरतो.

फिजिओ कळवा:

काका, तुमचा हात जुळला ते चांगलंच झालं, पण या पोराच्या बाबतीत चोळणं म्हणजे विषाची परीक्षा आहे. दादांच्या पोस्टमध्ये महत्त्वाची ओळ रेघेची नाहीच, 'दाबल्यावर किंचाळला' ही आहे. डॉक्टरांनी नेमकं ग्रोथ प्लेटवर बोट ठेवलं. मोठ्या माणसाचं मनगट मुरगळलं तर लिगामेंट, म्हणजे हाडाला हाड बांधणारा पट्टा, ताणलं जातं, पण लहान मुलांत लिगामेंट प्लेटपेक्षा मजबूत असतं, त्यामुळे तोच झटका प्लेटवर येतो. म्हणून पाच वर्षांच्या मुलाला 'नुसतं मुरगळलंय' म्हणायची मी कधीच घाई करत नाही.

ही इजा कूर्चेतूनच गेली आणि तुकडा सरकला नाही, तर पहिल्या एक्सरेत काहीच दिसत नाही. रॉबर्ट सॉल्टर आणि विल्यम हॅरिस यांनी १९६३ मध्ये ग्रोथ प्लेटच्या इजांचे पाच प्रकार मांडले, त्यातला पहिला हाच, आणि तो बऱ्याचदा बोटाने दाबूनच ओळखावा लागतो. दोन आठवड्यांनी फिल्म काढायची कारण तोपर्यंत भरून येणारं नवीन हाड कडेला पांढुरकं दिसायला लागतं. दिसलं तर इजा होती, नाही दिसलं आणि दुखतही नसेल तर स्लॅब सुटला. डॉक्टरांनी बरोबर केलंय, फक्त समजावून सांगायला वेळ दिला नाही. आता चोळून ती प्लेट हलवली तर वाढ बिघडू शकते, हात आखूड किंवा वाकडा वाढायची भीती राहते. आजींना तेवढंच सांगा.

पहिल्या प्रकारची इजा सहसा छान भरते. लहान मुलांची हाडं आपल्यापेक्षा खूप लवकर जुळतात, त्यांच्यात पूर्ण तुटण्याऐवजी एका बाजूने चिरून दुसऱ्या बाजूने वाकणं किंवा नुसता फुगवटा येणं जास्त.

सानपाडा_मम्मी:

जरा अवांतर, मुलीचा प्रोजेक्ट आहे म्हणून विचारते. लहान मुलांची हाडं आपल्यापेक्षा जास्त असतात असं पुस्तकात आहे आणि इथे तर कमी दिसतात म्हणताय?

एक्सरेवाली ताई:

दोन्ही खरं. मोठ्यांत २०६, नवजात बाळात २७० ते ३०० च्या आसपास धरतात, कारण आपल्याकडे जे एक हाड आहे ते बाळाकडे सुट्या तुकड्यांत असतं. कमरेखालचं सेक्रम पाच मणके जुळून होतं, खुब्याचं हाड तीन भाग मिळून. गळ्याजवळच्या कॉलरबोनचं आतलं टोक तर विशीतच जुळतं. गुडघ्याची वाटी बाळात कूर्चेची असते म्हणून फिल्मवर दिसतच नाही. आणि मुलीला हे लिहायला सांगा, बाईंना आवडेल: २०६ पैकी १०६ हाडं फक्त हातापायांच्या पंजांत आहेत.

घोडबंदरचा बाबा:

ताई, फिजिओ साहेब, खूप खूप आभार. आईला तुमच्या पोस्ट मोठ्याने वाचून दाखवल्या, 'हात आखूड' ऐकल्यावर हाडवैद्य बंद. आता नवीन त्रास, स्लॅबच्या आत खाज येते म्हणून रडतोय आणि पेन्सिल घालू बघतोय.

फिजिओ कळवा:

पेन्सिल, पट्टी, विणायची सुई काहीही आत जाऊ देऊ नका, कातडी सोलवटते आणि आत पिकलेलं कळतही नाही. हेअर ड्रायर थंड हवेवर लावून कडेने वारा द्या. आंघोळीला प्लास्टिकची पिशवी बांधून हात बाहेर, झोपताना हात उशीवर उंच. बोटं निळी-पांढरी पडली, बधिर झाली, हलवता येईनात किंवा दुखणं कमी व्हायच्या ऐवजी वाढत गेलं तर दोन आठवड्यांची वाट बघू नका, त्याच रात्री कॅज्युअल्टीत न्या.