अनुभव धागा: लहान मुलांचा ‘हे फीवर’ (परागांची ॲलर्जी) आणि परागांचे दिवस

लेस्टरची आई (धागाकर्ती)

आज सकाळी शेजाऱ्यांनी हिरवळ कापायला घेतली आणि तो ओला हिरवा वास घरात शिरताच माझी मुलगी चार वर्षांची असतानाचा जून महिना मला जसाच्या तसा आठवला. मे उजाडला की तिचे नाक वाहू लागे, रात्री ती तोंड उघडे ठेवून घोरत असे आणि सकाळी तिच्या डोळ्यांखाली निळसर सावल्या दिसत. घरातून फोनवर कारणे सांगितली जात: केस ओले राहिले असतील, फ्रिजमधले पाणी प्यायली असेल. सर्दी मात्र आठवडाभरात बरी होते, तिच्यात बहुधा एक-दोन दिवस कणकण असते आणि डोळ्यांना खाज नसते. इथे ताप नव्हता, नाकातून पाण्यासारखा स्वच्छ स्राव येत होता आणि पाऊस लागून राहिला की सारे शांत होत होते.

त्या वयाच्या मुलांना ‘खाज’ नेमकी सांगता येत नाही. माझी मुलगी म्हणे, “डोळ्यांत वाळू आहे.” टाळूला खाज सुटली की ती जिभेने टकटक आवाज करी, आणि तळहाताने नाक खालून वर इतक्यांदा चोळी की नाकाच्या मध्यभागी आडवी रेघ उमटली होती. ती रेघ पाहूनच डॉक्टरांनी पहिला प्रश्न परागांचा विचारला. तुमच्या मुलांच्या बाबतीत हे कसे ओळखले, काय उपयोगी पडले आणि औषध घ्यायला मूल कसे तयार झाले, ते सविस्तर लिहावे.

स्लाव, दोन मुलगे

आमच्याकडे मार्चअखेरीसच सुरू होते, कारण धाकट्याला गवताचा नव्हे तर बर्च झाडाचा त्रास आहे. इंग्लंडमध्ये साधारणपणे आधी झाडांचे पराग येतात, मेच्या मध्यापासून जुलैपर्यंत गवताचे आणि त्यानंतर तणांचे. त्यामुळे त्रास कोणत्या महिन्यात होतो हे वहीत लिहून ठेवले तर डॉक्टरांचे अर्धे काम होते. आणखी एक गोष्ट आम्हाला उशिरा कळली. तो कच्चे सफरचंद खाताना ओठ चोळायचा आणि आम्हाला ते नखरे वाटायचे. बर्चच्या परागातील प्रथिनासारखेच प्रथिन सफरचंदात असते आणि ते उष्णतेने मोडते, म्हणून शिजवलेले सफरचंद तो आनंदाने खातो.

पुण्याची आजी

नातीला पावसाळ्यात असाच त्रास होतो. आमच्या सोसायटीमागच्या मोकळ्या जागेत गाजर गवत कमरेएवढे वाढते आणि त्याला पांढरी बारीक फुले आली की तिच्या शिंका थांबत नाहीत. हे गवत पुण्यात १९५०च्या दशकात प्रथम नोंदले गेले आणि नंतर देशभर पसरले. ते नाकाला आणि त्वचेला, दोन्हींना बाधते. आम्ही ते फुलण्याआधीच उपटून घेतो, तेही हातमोजे घालून आणि मुलांना घरात ठेवून. बाकी मी तिला गरम पाण्याच्या पातेल्याची वाफ देते आणि मधाचे चाटण देते.

बालरोगतज्ज्ञ, नाशिक

आजी, गवत फुलण्याआधी उपटण्याचा उपाय अगदी योग्य आहे. पातेल्याची वाफ मात्र लहान मुलांना कृपया देऊ नका. पातेले कलंडून भाजलेली मुले आम्ही वारंवार पाहतो आणि ॲलर्जीवर वाफेचा टिकाऊ उपयोगही नसतो. त्याऐवजी नाकात सलाईनचे, म्हणजे मिठाच्या पाण्याचे, थेंब किंवा फवारा वापरावा, त्याने नाकातले पराग धुऊन निघतात. मध एक वर्षाखालील बाळाला कधीही देऊ नये. मोठ्या मुलांना खोकल्यात तो चालेल, पण ॲलर्जी त्याने जात नाही, कारण मधमाश्या फुलांवरचे जड पराग गोळा करतात आणि त्रास देणारे पराग वाऱ्यावर उडणारे, हलके असतात.

औषधांविषयी थोडे लिहितो. सेटिरिझिन किंवा लोराटाडिन या ॲलर्जीवरच्या औषधांचे सिरप दोन वर्षांपुढील मुलांना वय आणि वजन पाहून देतात. ॲलर्जीवरची जुन्या पिढीतील, झोप आणणारी औषधे रोज देणे टाळावे, कारण मूल शाळेत पेंगते आणि लक्ष लागत नाही. नाक कायम चोंदत असेल तर स्टिरॉइडचा स्प्रे अधिक उपयोगी पडतो, परंतु त्याचा पूर्ण परिणाम दिसायला एक-दोन आठवडे लागतात. म्हणून हंगाम सुरू होण्याच्या सुमारे दोन आठवडे आधीपासून तो रोज घ्यावा. बहुतेक पालक ‘आज जास्त आहे’ म्हणून एक दिवस देतात आणि गुण नाही म्हणून सोडतात. स्प्रे मारताना मुलाची मान किंचित खाली असावी आणि नळीचे टोक नाकाच्या मधल्या पडद्याकडे नव्हे, तर त्याच बाजूच्या कानाच्या दिशेने असावे. बंद नाक झटकन मोकळे करणारे थेंब मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय मुलांना देऊ नयेत. ते लांबवले तर नाक उलट अधिक चोंदते.

मेलबर्नचा बाबा

वरील प्रतिसादाला माझी एक कळकळीची जोड आहे. मुलाला हे फीवरबरोबर दमा असेल, किंवा शिंकांच्या दिवसांत छातीतून शिट्टीसारखा आवाज येत असेल, तर ते नाकापुरते समजू नये. २१ नोव्हेंबर २०१६ रोजी इथे वादळ आले, राय गवताचे पराग ओलाव्याने फुटून त्यांचे अतिसूक्ष्म कण फुप्फुसांत खोलवर गेले आणि त्या घटनेत दहा माणसे दगावली. पूर्वी दमा नसलेल्या, केवळ हे फीवर असलेल्या लोकांनाही त्या रात्री धाप लागली होती. आम्ही वसंतात रोज अंदाज पाहतो, वादळाचा इशारा असला की खिडक्या लावून मुलीला घरातच ठेवतो आणि तिचा इन्हेलर दप्तरात असल्याची खात्री करतो.

योकोहामा

इथे फेब्रुवारीपासून सुगी नावाच्या सूचिपर्णी झाडांचे पराग सुटतात. महायुद्धानंतर लाकडासाठी त्यांची प्रचंड लागवड झाली होती. बालवाडीतली मुलेही मास्क आणि कडेने बंद असलेले चष्मे घालतात, त्यामुळे आमच्या लेकाला वेगळे वाटले नाही. सध्या त्याला जिभेखाली ठेवायची गोळी सुरू आहे. ती काही वर्षे रोज घ्यावी लागते, पण यंदाचा मार्च त्याने मैदानात घालवला, आणि आमच्यासाठी ही फार मोठी गोष्ट आहे.

स्लाव, दोन मुलगे

बाहेर वाळत घातलेल्या कपड्यांना पराग चिकटतात, मग तुम्ही कपडे कुठे वाळवता? माझ्या सासूबाईंना उन्हात वाळलेलेच कपडे आवडतात, आणि त्यांचे मन मोडणे मला जड जाते.

लेस्टरची आई (धागाकर्ती)

स्लावच्या ताई, आम्ही मोठ्यांचे कपडे बाहेर आणि मुलीच्या उशीचे अभ्रे, चादरी व गणवेश घरात, अशी विभागणी केली, आणि माझ्या सासूबाईंनी ती मनापासून मान्य केली. शाळेतून आल्यावर कपडे बदलणे, तोंड-हात धुणे आणि झोपण्याआधी केसांवरून पाणी घेणे हा नेम ठेवला, कारण केसांतले पराग रात्रभर उशीवर उतरतात. बाहेर जाताना नाकपुड्यांच्या कडेला व्हॅसलीनचे बोट फिरवत असू; काही पराग तिथेच चिकटतात.

कोल्हापूर, सध्या म्युनिक

स्प्रेची बाटली पाहताच आमची साडेचार वर्षांची मुलगी टेबलाखाली जाते. धरून दिले तर रडून नाक आणखी भरते. कोणी मार्ग सांगेल का?

लेस्टरची आई (धागाकर्ती)

धरून देऊ नका, ताई. आम्ही रिकाम्या बाटलीत साधे पाणी भरून तिला खेळायला दिले आणि तिने आठवडाभर बाहुलीच्या, आजोबांच्या आणि माझ्या हातावर फवारे मारले. थंड थेंब कसा लागतो हे कळल्यावर भीती ओसरली. नंतर बाटली मी धरायची आणि ‘आता’ तिने म्हणायचे, असे ठरले. वेळही रोज दात घासण्याआधीचीच ठेवली, म्हणजे वाद उरत नाही. तोवर सिरप चालू ठेवता येईल का, हे तुमच्या डॉक्टरांना विचारून घ्या, आणि बालवाडीत औषधाची परवानगी लेखी देऊन ठेवा, कारण अनेक ठिकाणी त्याशिवाय शिक्षिका औषध देऊ शकत नाहीत.

कोल्हापूर, सध्या म्युनिक

बाहुलीचा उपाय आज संध्याकाळीच करून पाहते. बर्चचे दिवस सरत आले आहेत, गवताचे सुरू होण्याआधी जमले पाहिजे.