‘फिआउती देको’ला मराठीत काय म्हणावे?

प्रश्न : जर्मन संगीतकार बाखच्या चौथ्या ब्रांडेनबुर्ग कॉन्चेर्तोविषयी (कॉन्चेर्तो म्हणजे एक-दोन प्रमुख वाद्ये आणि बाकीचा वाद्यमेळ यांची रचना) लिहिताना मी ‘एक व्हायोलिन, दोन बासऱ्या आणि तंतुवाद्ये’ असे लिहिले, तेव्हा मुद्रितशोधक मित्राने ‘बासऱ्या’खाली लाल रेघ ओढली. मूळ इटालियन शीर्षकात ‘फिआउती देको’ असे आहे. मग योग्य शब्द कोणता?

उत्तर : रेघ योग्य जागी ओढली आहे. बासरी म्हटले की आडवी धरलेली, फुंकरीचा कोन ओठांनीच साधावा लागणारी बासरी डोळ्यांपुढे येते. तिची युरोपीय बहीण म्हणजे ट्राव्हर्सो, आणि ती बाखने पाचव्या कॉन्चेर्तोत घेतली आहे. चौथ्यातले वाद्य म्हणजे रेकॉर्डर. ते सरळ धरतात, पुढे सात भोके आणि मागे अंगठ्यासाठी एक असते, आणि तोंडाशी लाकडी गुटका ठोकलेला असल्यामुळे शिट्टीप्रमाणे फुंकर आपोआप धारेवर जाते. जर्मनांनी त्या गुटक्यावरून ‘ब्लॉकफ्ल्योटे’ म्हटले, फ्रेंचांनी चोचीवरून ‘फ्ल्यूत आ बेक’. आपल्याकडे या जातीचे वाद्य म्हणजे अलगूज.

‘फिआउती’ म्हणजे येथे हेच रेकॉर्डर, आणि ‘देको’ म्हणजे ‘प्रतिध्वनीचे’. पण येथे कोशाने भागत नाही. ब्रांडेनबुर्गचा मार्कग्राफ (जर्मन सरदारी किताब) ख्रिस्टियान लुडविग याला 1721 साली अर्पण केलेल्या हस्तलिखितातला हा शब्द निराळ्या वाद्याचे नाव आहे की वादनाच्या रीतीचे, यावर अभ्यासकांचे एकमत नाही. मला रीतीचा अर्थ पटतो, आणि तो मधल्या आन्दान्तेमुळे, म्हणजे संथ भागामुळे : तेथे सगळा मेळ एक लहानसे स्वरवाक्य जोरात वाजवतो आणि लगेच दोन्ही रेकॉर्डर, व्हायोलिनचा आधार घेऊन, तेच हलक्या आवाजात परत म्हणतात. पुढे बाखने हीच रचना एक स्वर खाली उतरवून हार्पसिकॉर्ड या पट्ट्यांच्या वाद्यासाठी बसवली, तेव्हा त्याने नुसते ‘फिआउती आ बेक’ लिहिले. म्हणजे वाद्य नेहमीचेच असावे.

पुरवणी : अलगोजा तर जोडनळ्यांचा असतो ना?

उत्तर : राजस्थान-सिंधकडचा, होय. मराठीत मात्र एकेरी नळीलाही अलगूज म्हणतात. तरीही शीर्षकात ‘दोन अलगुजे’ लिहिले तर ऐकणारा जत्रेत जाईल, आणि नुसते ‘रेकॉर्डर’ लिहिले तर टेपरेकॉर्डर शोधेल. म्हणून ‘मुख्य व्हायोलिन, अलगुजासारखे दोन रेकॉर्डर आणि तंतुवाद्ये’ असे एकदा लिहावे आणि पुढे निर्धास्तपणे ‘रेकॉर्डर’ म्हणावे.